फिल्म बघणारा माणूस

माझ्या कामाच्या कागदावर हुद्दा आहे: फिल्म इंटरप्रिटर.
गावी सांगितलं तर लोक म्हणाले,
वा, म्हणजे तू सिनेमात?

नाही हो. जुबैलमध्ये, रिफायनरीच्या मागं,
एका पत्र्याच्या केबिनमध्ये अंधार करून
पाइपांच्या जोडांचे एक्स-रे बघतो.
आधी पाच मिनिटं नुसतं बसायचं,
डोळे अंधाराला सरावेपर्यंत.
मग दिव्याच्या पेटीवर फिल्म ठेवायची.
वेल्ड वरून कितीही चकचकीत असो,
आत हवा राहिली असेल तर काळे ठिपके दिसतात,
तीळ सांडल्यासारखे.
मूळ भरलं नसेल तर सरळ काळी रेघ.
मी वहीत 'आर' लिहितो. आर म्हणजे रिपेअर.
कापा, घासा, पुन्हा भरा.

गुरुवारी रात्री दुसरी फिल्म.

पूर्वी इथं थिएटरच नव्हतं.
मुश्ताक परकारच्या गाडीत सहा जण कोंबून
आम्ही पुलावरून बहरीनला जायचो.
पासपोर्टाच्या रांगेत दोन-दोन तास,
आणि सुरुवात चुकली की सगळे परकारवर घसरायचे.
तेव्हा सिनेमे बरे होते का?
परकार म्हणतो, होते.
मला वाटतं, रांग बरी होती.
इतकं ताटकळल्यावर माणूस काहीही गोड मानून घेतो.

आता मॉलमध्येच. कॅम्पपासून वीस मिनिटं.
खुर्ची मागं रेलते.
खाली अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडं,
पुष्कळदा संवादाच्या आधीच पोचलेली.
आवाज असा, की छातीवर कंप्रेसर ठेवलाय.
हीरो चालत येतो. चालतच येतो.
पाऊण मिनिट नुसता बूट.
मग चाळीस माणसं हवेत. मग झेंडा.
मग आईचा फोटो. मग पुन्हा बूट.
मी मनातल्या मनात पेन्सिल काढतो.
इथं पोकळी. इथं पोकळी.
इथं तर मूळच भरलेलं नाही.

आणि आखात दाखवतात ते कुठलं?
काचेचे मनोरे, वाळूवर उधळलेल्या गाड्या,
खलनायकाचा पोहण्याचा हौद.
एकदा, एकदाच, गाडीच्या काचेमागं
निळ्या कव्हरऑलमधले सात-आठ जण दिसले,
भिंतीच्या सावलीत आडवे झालेले.
मी पुढं सरकलो,
तोवर कॅमेरा वळला होता.

परवा शेजारी अप्पलराजू होता, श्रीकाकुळमचा वेल्डर.
हिंदी त्याला कामापुरती कळते.
पडद्यावर मुलगा परत येतो, आई दार उघडते,
व्हायोलिनं तुटेस्तोवर ताणलेली.
इतकं खोटं दार मी बघितलं नव्हतं.
कडी नाही, उंबरा कुठं झिजलेला नाही,
आईच्या हाताला पीठ, आणि घरात चूल नाही.
मी वळून काहीतरी झणझणीत बोलणार होतो.
अप्पलराजू डोक्याच्या फडक्यानं डोळे पुसत होता.
तीन वर्षं झालीत त्याला घरी जाऊन.

मी गप्प बसलो.
या ठिपक्याचं माप माझ्या कोडमध्ये नाही.

रविवारी त्याचाच जोड माझ्या पेटीवर आला.
चौदा इंची पाइप, खालची बाजू,
पोकळी मर्यादेच्या केसभर पुढं.
थोडा वेळ बघत राहिलो.
मग आर लिहिला.
त्यानं काही विचारलं नाही.
चटई टाकून पाइपाखाली आडवा झाला,
कापलं, घासलं, पुन्हा भरलं.
रात्री नवी फिल्म आली: स्वच्छ.

हेच मला त्या लोकांना विचारायचं असतं.
तुमच्याकडं अंधारात कोण बसतं, पेन्सिल घेऊन?
आकडे सांगू नका.
आकडे आमच्याकडंही रोज फळ्यावर लिहितात,
आज किती इंच झाले.

गुरुवारची तिकिटं परकारनं काढलीत.
ट्रेलरमध्ये पुन्हा तोच बूट आहे.
मी जाणार.
अप्पलराजू विचारतो,
याच्यात आई आहे का?