भावकी

कार्नेशन बेळगावहून येतात,
थर्माकोलच्या पेटीत, आंबोलीचा घाट उतरून,
पहाटेच्या एसटीत कंडक्टरच्या पायाशी.
पावलूशेटनं त्याला तशी सवयच लावलीय.
वीस-वीसचा जुडगा, मानेला रबर.
मी मोजतो, बुडख्याला तिरका छेद देतो
आणि दुकानात नवा पोर आला की आधी एवढंच सांगतो:
गाठीवर दाबू नको, गाठीवर दांडा मोडतो.
दोन पेरांच्या मधे धर.

त्या दिवशी वायंगणीला लग्न होतं, वाळूवर.
पार्टी पुण्याची. मांडवाचं तोंड समुद्राकडे,
चौदाशे फुलं, सगळी पांढरी,
आणि मुलीच्या आईचा सकाळपासून तीनदा फोन:
कोमेजली तर नाहीत ना?
डिसेंबरचं ऊन. सुरूच्या सावलीत पेट्या ठेवून
मी वर ओली फडकी टाकत होतो.

पेडणेकरचा पोर फावड्यानं रेव सारखी करत होता.
फावड्यातून एक झुडूप उडालं, माझ्या पायाशी पडलं.
झुडूप कसलं, वीतभर काडी.
दोऱ्यासारखी पानं, गाठीगाठीला घोळक्यानं,
आणि शेंड्याला, मिठाईवरचा वर्ख चुरगळून चिकटवावा
तशी फुलं. फुलं म्हणायची तर.
हातात घेतलं, आणि सवयीनं
अंगठा गाठीवर गेला.

कट्.

तोच आवाज.
वीस वर्षं माझ्या नखात आहे तो,
चुकायचा नाही.

विचारलं मग. बाबी तांडेल म्हणाला,
"ता? ता काय नाय."
त्याच्या बायकोनं जाळं सोडवता सोडवता मान वर केली,
"रेवेतला गवात. बकरी पण खाणा नाय."
म्हणजे सातबारावर हिस्सा नाही,
कूळ नाही, वहिवाट नाही,
बकरीच्या तोंडीसुद्धा नाव नाही.

रुमालात बांधून कॉलेजातल्या चिपळूणकर बाईंकडे नेलं.
भिंगाखाली धरून त्या बराच वेळ गप्प.
मग हसल्या,
"अहो, तुमच्या पेटीतल्यांची ही भावकी. घराणं एकच."
लॅटिन नाव सांगितलं, ते माझ्या तोंडात बसलं नाही.
मराठी विचारलं, तर म्हणाल्या, पुस्तकात असेल एखादं,
पण त्या नावानं ह्याला हाक मारलेली
मी तरी ऐकली नाही.

एक भाऊ घाटावर, प्लास्टिकच्या घरात.
नळीनं थेंब थेंब पाणी,
कंबरेला जाळीचा आधार, रात्रीसुद्धा दिवा.
दुसरा इथं. तोंडावर खारा वारा,
दसरा सरला की वरून पाण्याचं नाव नको,
आणि मुळांना धरायला रेव,
जी स्वतःच कुठं धरून बसत नाही.
कुणी कुणाचं ढापलं, थोरला कोण,
मला सांगता येत नाही.
आमच्या घरी एका फणसावरून
सतरा वर्षं तारखा पडतायत,
तिथंही येत नाही.

तो मांडव मी त्याच रात्री सोडवला होता.
फोटो संपले होते, पंगत उठली होती.
चौदाशे माना खाली,
टेम्पोत भरताना हाताला ओलसर, कढत लागत होत्या.
पावलूशेट म्हणाला, खाडीत नको, खड्ड्यात टाक.

काडी अजून ऑर्डरच्या वहीत आहे,
जमेच्या पानात, तारखेवर आडवी.
रंग उडालेला नाही.
उडावा एवढा नव्हताच.

यंदा वायंगणीला परत मांडव आहे, त्याच जागी.
काल पेडणेकरच्या पोराला फोन केला,
म्हटलं, खांब चार पावलं दक्षिणेला घे.
का, विचारलं त्यानं.
म्हटलं, तिथं हद्दीचा वाद चाललाय.

लगेच समजला.
पुढं एक शब्द विचारला नाही.