पूर्वेकडे

सोहारला सूर्यफूल पेरायचं ते नोव्हेंबरात,
उन्हाळा दमून खाली बसल्यावर.
बारा बिया. एसीच्या नळीखालची बादली
रात्रभरात अर्धी भरते, तेवढंच पाणी.
बुलबुलांनी चार कोंब पहाटेच खुडले,
मग लबनच्या बाटल्या कापून
उरलेल्यांना टोप्या घातल्या.

उम्म जाहिर कुंपणावरून म्हणाल्या,
मोडक्या हिंदीत, ही माती नव्हे, वाळू.
दुसऱ्या दिवशी दाराशी
बकऱ्यांच्या लेंड्यांचं पोतं, वर दोन लिंबं.

जानेवारीत रोपं कमरेला लागली.
सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे,
मागच्या बाकावरच्या पोरांसारखी.
शमाल सुटला तेव्हा झाडूचे दांडे रोवून
जुन्या ओढणीच्या चिंध्यांनी बांधली.
एक तरीही मोडलं.

फूल भरलं, जड झालं, की फिरणं थांबतं.
तोंड पूर्वेला, ते कायमचं.
नवरा म्हणाला, बघ, देवरुखकडे बघतायत.
मी हसले.
पूर्वेला आधी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी,
मग समुद्र,
मग बराच वेळ समुद्रच.

एप्रिलमध्ये पाकळ्यांचा कागद झाला.
एक अख्खं फूल उम्म जाहिरना,
एक बुलबुलांना, राग न धरता.
बाकीच्या बिया चहाच्या डब्यात.
झाकणावर 'इथलं शेवटचं वर्ष' लिहिलंय,
माझंच अक्षर, सहा वर्षांपूर्वीचं.
पुसलं नाही.
खाली लिहिलं, नोव्हेंबर. बारा नको, वीस.