मोहरी

नगरपालिकेच्या दप्तरात तरुण नाहीत.
पाणीपट्टी आहे, गटारी आहेत, मोकाट गुरं आहेत.
पोलिसांच्या डायरीत आहेत, पण बिननावाचे:
'टॉकीजसमोर टोळके. समज देऊन सोडले.'

म्हणून मी धुळ्याच्या चौथ्या गल्लीत
खैरनार टेलरच्या फळीवर बसते रोज,
मापांच्या वह्या उलटत.
एकोणसत्तर ते शहाऐंशी. अठरा असाव्यात,
सतरा आहेत. एक उंदरांनी नेली.

दगा हिलाल पाटील, कंबर अठ्ठावीस, मोहरी अठरा.
तोच दगा, पुढची दिवाळी: बावीस.
सलीम पिंजारी, चोवीस. समासात पेन्सिलीने 'बाप ओरडला',
आणि पंधरा दिवसांनी, त्याच शाईत, सव्वीस.
गिरणीचा भोंगा गप्प झाला त्या वर्षी
सगळ्यांच्याच मोहऱ्या एकदम सोळावर.

मी आलेख काढते.
सेमिनारमध्ये विचारतील, हा पुरावा कसला?
इंचांचा, मी म्हणेन.
खैरनार मामाही चष्म्यावरून विचारतात,
"पॅन्टीस्ना इतिहास?"
आणि दगा, सलीम, कुठे असतात आता?
"बठ्ठा सुरतले चालना ग्यात, ताई."

चौऱ्याहत्तरच्या वहीत मात्र
'विमल निकुंभ, भावासाठी.'
कंबर चोवीस, सीट अडतीस, मोहरी सव्वीस.
अशा बांध्याचा भाऊ मी अख्ख्या खानदेशात पाहिला नाही.
खाली ट्रायलच्या तारखा, अकरा.
सगळे मंगळवार, बाजाराचे.
डिलिव्हरीचा रकाना कोरा.

मामा मशीनचं चाक तळहाताने थांबवतात.
"तिले भाऊच नव्हता."
मग हनुवटीने पडदा दाखवतात.
आत आरसा होता, आहे, अर्धाच;
गुडघ्याखालचं काही दिसायचं नाही त्यात,
आणि शिवलं तर सगळं गुडघ्याखालीच होतं.
स्टुलावर चढायची.
पाच मिनिटं. मग घडी घालून परत द्यायची,
पिशवीत मेथी, डोक्यावर पदर.

"मग?"
"शिरपूरले दिन्ही."
"आणि पॅन्ट?"
"कपाटमा शे."

कपाट उघडा, असं मी म्हटलं नाही.
सव्वीसवर, सलीमच्या शेजारी,
एक ठिपका वाढवला. मग खोडला.
मग पुन्हा काढला.

मामा चहाला गेले तेव्हा
पडद्यामागे जाऊन स्टुलावर उभी राहिले.
डोकं नाही, खांदे नाहीत, वही नाही.
फक्त घोटे दिसतात,
आणि चपलेवर चौथ्या गल्लीची धूळ.