सोनकिड्याचं नाव

कानबाईचे रोट झाले की दोन दिवसांत
अंजनीकाठच्या बाभळींवर सोनकिडे यायचे.
मान काचेसारखी हिरवी, तिच्यावर
सुईनं टोचावीत तशी बारीक टिंबं,
पाठ चिंचोक्याच्या रंगाची.
फांदी हलवली की टपटप पडायचे
आणि पाय पोटाशी घेऊन
मेल्याचं सोंग करायचे.

उखर्डू म्हणायचा, मोज.
त्याला एकोणचाळीसपर्यंतच यायचं.
त्याच्या आत एक पाय हलायचाच.

काडेपेटीत बाभळीचा पाला, पाल्यावर किडा.
दप्तरात इतिहासाच्या पुस्तकाखाली खरखरायचा.
गवळे गुरुजी फळ्याकडे वळले
की मागच्या बाकावर सौदे:
एका किड्याला दोन पेन्सिली,
अंडी घालणारीला तीन.
अंडं तांदळाएवढं, कापसात ठेवलेलं.
फुटलेलं कुणीच पाहिलं नाही.
मानेला दोरा बांधून आम्ही त्यांना गरगर फिरवायचोही.
भर्रर्र वाजायचं, गालाला वारा लागायचा.
हे लिहायचं नव्हतं.

नेमकं कधी थांबलं, सांगता येत नाही.
माणूस गेला तर तारीख असते, दहावा असतो.
इथे एका वर्षी कमी आले,
एका वर्षी मी बदलीवर शहाद्याला होतो,
मग मुलीची दहावी होती,
मग असंच.

बाभळी आहेत.
सगळ्या नाहीत, पण नऊ मी मोजल्यात.
तोच पाला, तेच पिवळे गोंडे,
काटे तर अधिकच.
विचारलं की जो तो आपापलं सांगतो.
कृषी केंद्रातला कैलास म्हणतो, फवारणी;
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीच बाटली देतो.
वनखात्यातला जावई म्हणतो, अळी मुळाशी वाढते,
जेसीबीनं काठ उकरला, संपलं.
रंगुबाई म्हणतात, हायवेचे दिवे आले, रात्रच उरली नाही.
तो तर दिवसाचा किडा,
पण मी वाद घातला नाही.
उखर्डूला विचारलं, तर म्हणाला,
"माले काय माहीत? मी काय त्याना मामा शे?"

उखर्डूच्या आधी त्याच्या आईची तीन गेली होती.
हा झाला, तेव्हा तिनं त्याला उकिरड्यावर ठेवला,
सुईणीनं उचलून पाच पैशांना परत विकला
आणि नाव पडलं उखर्डू.
मरण दारापर्यंत आलं असेल,
नाव ऐकलं असेल,
नाक धरून पुढे गेलं असेल.
आज बासष्टचा आहे,
गुडघे सोडले तर ठणठणीत.

आणि किड्याला आम्ही काय म्हणालो?
सोनं.
दिवसाउजेडी, मोठ्यानं, गावादेखत.
मीठमोहऱ्या ओवाळायलाही कुणी नव्हतं त्याच्यावरून.

यंदा रोटांनंतरच्या बुधवारी
नवांतल्या सगळ्यात वाकड्या बाभळीखाली गेलो.
आसपास कुणी नाही, हे बघितलं
आणि वर तोंड करून
नवं नाव घेऊन हाक मारली.
उखर्डू! ए उखर्डू!

बांधापलीकडून तो आला, शेळ्यांसकट,
खराच,
धोतराला कुसळं चिकटलेली.
"काय व्हयनं?"
"काही नही."

माझ्याशेजारी उभा राहिला. त्यानंही वर पाहिलं.
मग काही न विचारता फांदी धरली
आणि हलवली, आपल्या वयाला शोभणार नाही इतक्या जोरात.
पाला पडला, थोडी धूळ,
आणि वाळक्या शेंगेचा एक तुकडा,
चिंचोक्याच्या रंगाचा.
शेळी तोंड घालायला पुढे आली,
तिला त्यानं गुडघ्यानं अडवलं
आणि खाली बघत राहिला.
ओठ हलत होते.
तेवीस, चोवीस.