अंगठा

सोहार बंदरात, साठ मीटर उंच काचेच्या केबिनमध्ये बसून
चाळीस टनांचा डबा मी जहाजाच्या पोटात असा उतरवतो
की खाली फोरमन दाद करीम म्हणतो,
अंडं ठेवलंस.

फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. किल्ली वॉचमनकडे.
खोटं नाही सांगत, आठ तास त्याची आठवणही येत नाही.
तहान लागते. सिगरेटची येते.
त्याची नाही.

मग रात्री कॅम्पवर, खालच्या पलंगावर,
हाच हात.
एकच बघायचं ठरवून एकच बघतो.
दुसरं आपोआप लागतं:
कुणीतरी गालिचा धुतोय, काळं पाणी निघतंय,
निघतच राहतंय.
माझ्याकडे गालिचा नाही.
हा स्वच्छ झालेला बघायचीही हौस नाही,
मला पुढचा बघायचाय.

दीड वाजता एसीची घरघर ऐकू येते,
म्हणजे ती आधीपासून होती.

उपाय केले.
स्क्रीन काळी-पांढरी केली; तीन दिवस सगळं जग
निधनवार्तेतल्या फोटोसारखं दिसलं,
चौथ्या दिवशी डोळे सरावले.
कोथिंबिरीच्या जुडीचं रबर फोनला गुंडाळलं;
अंगठा रबरावरून उडी मारायला शिकला.
शेवटी शिहाबुद्दीनला म्हटलं, ठेव तुझ्याकडे,
मेलो तरी देऊ नकोस.
त्याने तो तांदळाच्या पिंपात पुरला.
एक वाजता मीच त्याला हलवून उठवलं:
घरून फोन यायचाय.
माझ्या घरी तेव्हा अडीच वाजलेले असतात
हे त्या मलप्पुरमच्या माणसाला ठाऊक आहे.
बोलला नाही काही.
डोळे मिटलेलेच, कोपरापर्यंत हात तांदळात घातला.

वडील माझे अंगठेबहाद्दर.
वेंगुर्ल्याच्या सोसायटीत शाईचा अंगठा टेकवायचे
आणि उरलेली शाई घाईघाईने केसांना पुसायचे,
कुणी बघायच्या आत.
तुझ्यावर ही पाळी नको, म्हणायचे.
शिकलो.
आता रोज पहाटे गेटवरच्या यंत्रावर अंगठा टेकवतो
आणि यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा.
पुन्हा.
रेषा झिजल्यात तुझ्या, दाद करीम हसतो.
ग्रीसमुळे, मी म्हणतो.

वर केबिनच्या डोक्यावर वाऱ्याचं यंत्र आहे.
वारा आकड्यापुढे गेला की घंटा होते, क्रेन थांबते.
मला विचारत नाही.
लोकांना वाटतं हात स्थिर आहे माझा.
हात कुठला,
ती घंटा, ते लॉकर,
आणि तो वॉचमन, जो माझं ऐकत नाही.

गेल्या शुक्रवारी वैजयंता बोलत होती.
मी तिला कोपऱ्यात बारीक केली, टपालाच्या तिकिटाएवढी,
आणि तिच्या खालून गालिचे, मांजरं, भांडणं
सरकवत राहिलो. हं. हं म्हणत.
ती मध्येच थांबली.
"तुमचे डोळे जिना उतरतायत."
नेट अडकतंय, म्हटलं.

आज पुन्हा शुक्रवार.
फोन भिंतीला टेकवून ठेवला
आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो,
गुरुजींनी शिक्षा केल्यासारखा.
विचारलं, टाकीचं झालं का?
"कसली टाकी?"
मागच्या वेळी सांगत होतीस ना.
ती बघत राहिली. पडदाभर तिचा चेहरा.
डाव्या भुवईवर टाक्यांची खूण, तीन टाक्यांची,
ही कधीची?
"टाकीचं नव्हतं ते," म्हणाली.
मग?
"असू दे."

मांडीखाली अंगठा वळवळत होता.
मी अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला.
सांग ना, म्हटलं,
बसलोय मी.