सात नंबर

सदरच्या क्लबात रॅकमधली सातवी काठी
कोणाचीच नव्हती.
निळ्या खडूचे हात, सिगारेटचा एक चटका,
हरलेल्यांनी फरशीवर आपटलेलं बूड.

निनावेंनी ती मधोमध कापली,
पितळी पेच बसवला,
लेथखालचा भुसा चिमटीत धरून हुंगला.

गिऱ्हाईक म्हणालं, एवढे?
यात नव्या दोन येतात.

ते हसले नाहीत.
काचेवर काठी लोळवली.
एकदाही न उडता
ती पार कडेपर्यंत गेली.

"नवीले अजून वाकाचं हाये, भाऊ.
इनं नागपूरचे बेचाळीस मे काढले.
इच्यासंगच्या वाकल्या,
त्या चुलीत गेल्या."

पॉलिश आरशासारखं.
चटका मात्र घासला नव्हता.
त्याचे वेगळे घेतले.