साडेसतरा फूट

गादी दाबून पाहिल्याशिवाय मी गाडीबद्दल मत देत नाही.
बाकीचे बॉनेट उघडतात.
मी मागचं दार उघडतो, तळहात टेकतो,
काथ्या आहे की फोम, स्प्रिंग कुठं बसलीय,
एवढं कळलं की घर कळतं.

तीन वर्षं हिंडलो. युनूस डेंटरच्या स्कूटरवर मागं,
खिशात शिंप्याची टेप.
बोपोडीत एक प्लायमाउथ होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालत.
मालक म्हणाला, कोंबड्यांसकट घेता का?
सासवड रस्त्याला डॉजचं नुसतं टप,
त्याच्या सावलीत रसवंतीवाला.
खडकीत ब्यूक, विटांवर,
कागदपत्रं चुलत्याकडे, चुलता कोर्टात.
जुन्या बाजारात एका बुधवारी
किलोवर विकायच्या ढिगात
क्रोमचं एक अक्षर सापडलं, इंग्रजी पी.
युनूसनं शर्टाला पुसून ते खिशात घातलं.
"सुरुवात तर झाली."

वानवडीत, मुदलियारांच्या बंगल्यामागं,
चिंचेखाली ती होती.
ताडपत्री ओढली तर आधी सरडा निघाला,
मग एक पंख,
मग तीन लाल दिवे, पलीकडे आणखी तीन, त्यातला एक फुटका.
साठ सालची इंपाला.
युनूस तिच्या कडेकडेनं चालत गेला
आणि पार दुसऱ्या टोकाहून मला हाक मारली.

कमलाक्का काठी टेकत आल्या.
"अण्णांनी कुणाला विकली नाही," म्हणाल्या,
"म्हणजे कुणी नीट किंमतच सांगितली नाही."
कॉफी आली.
युनूसनं बॉनेट उचललं आणि गप्प झाला.
आत मॅटॅडोरचं डिझेल इंजिन.
"पेट्रोल परवडेना. आठ सिलिंडरचं होतं ते,
कुणीतरी विहिरीच्या पंपाला लावायला नेलं,
पुढं कळलं नाही."

मी मागचं दार उघडलं.
रेक्झिन तडकलेलं, काथ्या उंदरांनी नेलेला,
आणि डाव्या कोपऱ्यात, पायपिंगच्या आतल्या अंगाला,
आठ बोटं हिरवी शिवण.
बाकी सगळा दोरा मरून.
मरून संपला होता. दुपार होती, उस्ताद जेवायला गेलेले.
मी सतरा वर्षांचा.
वाटलं, आत कोण बघतंय.
संध्याकाळी उस्तादांनी तिथंच बोट फिरवलं,
काही बोलले नाहीत.
आठवड्याच्या पगारात दोन रुपये कमी आले.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.
"काही नाही. गादी पार गेलीय."
खरं सांगितलं असतं तर पन्नास हजार वाढले असते,
आणि अक्कांना वाटलं असतं
मी गाडी न्यायला नाही, परत न्यायला आलोय.
युनूसनं इंजिनाचे कमी केले, मी गादीचे.
शेवटचे पाच हजार अक्कांनी
कॉफीच्या कपात बघत सोडले.

रात्री टो करून आणली.
गोळीबार मैदानापाशी हवालदार टॉर्च घेऊन
नाकापासून शेपटापर्यंत गेला, परत आला,
"बोट आहे का ही?"
रास्ता पेठेत आमच्या बोळाला वळणं दोन.
पहिलं तिनं घेतलं.
दुसऱ्यावर अडकली, नाक आत,
शेपूट दूधवाल्याच्या ओट्यासमोर.
वरच्या खिडकीतून मुलगी,
"बाबा, मोजलं नव्हतं का?"

मोजलं होतं.
बोळ नऊ फूट, गाडी साडेसतरा,
तीन वर्षं पाठ आहे मला.

पी कुठंच बसत नव्हता. पॉन्टिअकचा असावा.
युनूस तो डॅशबोर्डवर ठेवून घरी गेला.
मी मागच्या गादीवर बसून राहिलो,
उंदरांनी सोडलेल्या भागावर.
दूधवाला पाचला येतो, तोवर वेळ होता.
मरून दोरा अजून मिळतो, बोहरी आळीत.
चार रिळं लागतील.
हिरवं एक घरात आहे.